कॉलेजच्या वर्गात मूल्यं उतरवायची कशी? शिक्षकांसाठी एक कामाचा आराखडा

तुमची मूल्यं कोणती, असं कॉलेजच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. विद्यार्थ्यांचा आदर करतो, सगळ्यांना समान वागवतो, वर्गात मोकळं वातावरण ठेवतो, अशीच उत्तरं येतील, आणि ती मनापासून दिलेली असतील. पण या उत्तरांवरून दुपारच्या तासाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. प्रश्न विचारल्यावर दरवेळी तेच तिघं हात वर करतात, तेव्हा काय करायचं? गठ्ठ्यातला चाळिसावा पेपर हातात आहे आणि डोळे मिटायला लागलेत, तेव्हा? मुदत उलटून गेल्यावर एखादी विद्यार्थिनी दाराशी येऊन उभी राहते, तेव्हा? मूल्याची परीक्षा अशा वेळी होते, कारण ते पाळायचं तर आपलं काहीतरी सोडावं लागतं. कधी वेळ, कधी सोय, कधी मुलांमधली लोकप्रियता.

हे सगळं ऐनवेळी सुचत नाही. सत्र सुरू होण्याआधी शांत डोक्याने ठरवलेलं असेल तरच ते हातून घडतं. त्यासाठीच्या पायऱ्या इथे क्रमाने मांडल्या आहेत. पहिल्या दोन सत्राआधी घरी बसून करायच्या, बाकीच्या वर्गात.

पहिली पायरी: चारच वाक्यं लिहा

एक कोरा कागद घ्या आणि वर्गात जपाव्याशा वाटणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहून काढा. पहिल्या फेरीत दहा-बारा होतील. त्यातल्या चार ठेवा. त्याहून जास्त तत्त्वं गडबडीत आठवत नाहीत, आणि आठवली नाहीत तर ती असून नसल्यासारखीच.

काय लिहावं ते सुचत नसेल तर एक चांगला आधार आहे. कॅनडात उच्च शिक्षणातल्या अध्यापनासाठी काम करणाऱ्या संस्थेने १९९६ मध्ये विद्यापीठात शिकवणाऱ्यांसाठी नऊ नैतिक तत्त्वं मांडली. विषयावरची पकड, शिकवण्याचं कौशल्य, संवेदनशील विषयांची हाताळणी, विद्यार्थ्याचा विकास, विद्यार्थ्याशी दुहेरी नातं, म्हणजे शिकवण्याखेरीज पैशाचं किंवा प्रेमाचं नातं, टाळणं, गोपनीयता, सहकाऱ्यांचा आदर, योग्य मूल्यमापन आणि संस्थेचा आदर. या यादीत सुरुवातीला आपुलकी नाही, विषयावरची पकड आहे, आणि मला तो क्रम पटतो. तयारी न करता वर्गात शिरलेला शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी समोर बसलेल्या साठ जणांचा तास वाया घालवतो. विद्यार्थ्याचा आदर आदल्या रात्रीच्या तयारीपासून सुरू होतो.

आता निवडलेली चार मूल्यं कृतीच्या भाषेत आणा. ‘समानता’ या शब्दाच्या जागी ‘पेपर तपासताना नाव झाकीन’ असं लिहा. ‘आदर’ खोडून ‘विद्यार्थी बोलत असताना त्याचं वाक्य तोडणार नाही’ असं लिहा. ‘प्रामाणिकपणा’ म्हणजे ‘उत्तर येत नसेल तर तसं सांगीन आणि पुढच्या तासाला शोधून आणीन’. लिहून झालं की एक कसोटी लावा. मागच्या बाकावर कुणी तिऱ्हाईत येऊन बसला, तर ही गोष्ट घडली की नाही ते त्याला सांगता येईल का? येत नसेल तर वाक्य अजून मोघम आहे, पुन्हा लिहा.

दुसरी पायरी: दोन चांगल्या गोष्टी आडव्या आल्या तर कोणती थांबेल, ते ठरवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. एकेकटं मूल्य कुणाला त्रास देत नाही. दोन मूल्यं एकमेकांच्या आड आली की कसोटी लागते, आणि कॉलेजात ती रोज येतात.

नेहमीचा प्रसंग असाइनमेंटच्या मुदतीचा. मुदत शुक्रवारची. सोमवारी एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येतो, “सर, घरी जरा अडचण होती, दोन दिवस मिळतील का?” अडचण खरी आहे हे चेहऱ्यावरून कळतं. मन म्हणतं, देऊन टाक. पण ज्यांनी रात्र जागून शुक्रवारी काम दिलं, त्यांचं काय?

अशा वेळी ‘प्रसंग बघून ठरवू’ असं म्हणायची आपल्याला सवय असते. ऐकायला ते समजूतदार वाटतं, पण त्यात मोठा अन्याय दडलेला असतो. प्रसंग बघून दिलेली सवलत बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या विद्यार्थ्याला मिळते. ज्याच्या अंगात स्टाफरूमपर्यंत यायचं धाडस आहे, ज्याला आपली अडचण चांगली मांडता येते, ज्याला सर नावाने ओळखतात, अशाला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, शिक्षकाशी बोलायचं कसं हेच ठाऊक नसलेली मुलगी अर्धवट काम देऊन मोकळी होते, नाहीतर देतच नाही. तिची अडचण कदाचित याच्याहून मोठी असते. म्हणून सवलत देताना स्वतःला विचारायचा प्रश्न असा: जो मागायला आला नाही, त्यालाही मी हे दिलं असतं का?

उत्तर ‘नाही’ असेल तर सवलत सगळ्यांसाठी आधीच जाहीर करा. एक चालण्याजोगी रीत सांगतो. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला चार राखीव दिवस द्या. कोणत्याही असाइनमेंटला, एकदम किंवा तुकड्यातुकड्याने, ते वापरता येतील. कारण विचारायचं नाही, पुरावा मागायचा नाही. मुदतीआधी एका ओळीचा निरोप आला की पुरे. दिवस संपले की ठरलेले गुण कापायचे, मग तो वर्गातला पहिला असो की शेवटचा. आजारपण, घरातला मृत्यू अशा मोठ्या संकटांसाठी वेगळा नियम ठेवा आणि तो लेखी ठेवा. या पद्धतीने आणखी एक गोष्ट साधते. दोन दिवसांसाठी कुणालाही आपल्या घरातलं दुखणं शिक्षकापुढे उघडं करावं लागत नाही.

दुसरी नेहमीची ओढाताण म्हणजे सिलॅबस पुरा करणं आणि मुलांना समजणं. दोन्ही विद्यार्थ्याच्या हिताचंच आहे, म्हणून इथे कुणी वाईट ठरत नाही. पण सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात धावतपळत उरकलेले भाग कुणाच्याच पदरी पडत नाहीत, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. उपाय सत्राआधीच करायचा. सिलॅबस घेऊन बसा आणि प्रत्येक घटकापुढे खूण करा. कोणता वर्गातच समजावा लागेल, कोणता वाचून येऊन चर्चा करण्याजोगा आहे, आणि कोणता विद्यार्थी स्वतः वाचू शकतील. तिसऱ्या गटातल्या घटकांसाठी कोणती पानं वाचायची आणि कोणते प्रश्न सोडवायचे ते पहिल्याच आठवड्यात सांगा. वेळ कमी पडला तर काय सुटणार, हे मग तुम्ही विचार करून ठरवलेलं असतं. वेळापत्रकावर सोडून दिलेलं नसतं.

मोकळी चर्चा आणि कुणाचा अपमान न होणं, गुणवत्तेचा आग्रह आणि कच्च्या मुलाला धीर देणं, अशा आणखी जोड्या तुमच्या विषयात निघतील. प्रत्येक जोडीपुढे एक-दोन ओळींत लिहा की दोन्ही जमत नसेल तेव्हा तुम्ही काय कराल.

तिसरी पायरी: पहिल्या तासाला आपली बाजू आधी सांगा

पहिल्या तासाला नियमांची यादी वाचून दाखवायची पद्धत आहे. उशीर चालणार नाही, मोबाइल चालणार नाही, हजेरी इतकी हवी. हे सांगा, पण नंतर. आधी तुम्ही काय कराल ते सांगा. पेपर किती दिवसांत परत मिळतील, भेटायला कोणत्या वेळी यायचं, निरोपाला उत्तर केव्हापर्यंत येईल. झेपतील तेवढेच शब्द द्या. आठवड्यात पेपर देतो म्हणून महिना लावण्यापेक्षा तीन आठवडे सांगून ते पाळलेले बरे. शिक्षकाने स्वतःवर नियम लावून घेतले की विद्यार्थ्यांचे नियम शिक्षेसारखे वाटत नाहीत.

नावं लवकर शिका आणि नीट उच्चारा. एखाद्या नावाचा उच्चार येत नसेल तर त्यालाच विचारा आणि हजेरीपटावर आपल्यापुरती खूण करून ठेवा. वर्ग फार मोठा असेल तर पहिले काही आठवडे जाड कागदावर नाव लिहून बाकावर उभं ठेवायला सांगा. एवढी गोष्ट पुरते.

चौथी पायरी: प्रश्न विचारा आणि थांबा

‘माझ्या वर्गात सगळ्यांना संधी आहे’ हे वाक्य खरं की खोटं, ते प्रश्न विचारल्यानंतरच्या काही सेकंदांत ठरतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकाच्या आसपास वर्गांमधली ध्वनिमुद्रणं अभ्यासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असं तिला आढळलं. हा अवधी तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांब झाली, आपणहून बोलणाऱ्यांची संख्या वाढली आणि ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं. तिने आणखी एक जागा दाखवली, ती आपल्या सहज लक्षात येत नाही. विद्यार्थ्याचं उत्तर संपल्यावरही थांबायचं असतं. आपण ‘छान’ किंवा ‘नाही’ म्हणून लगेच पुढे गेलो की त्याच्या मनात आकाराला येणारं दुसरं वाक्य तिथेच अडतं.

करून बघा. प्रश्न विचारा, खडू खाली ठेवा, आणि मनात सावकाश एक-दोन-तीन मोजा. पहिल्या सेकंदाला नेहमीचे तिघं हात वर करतात. त्यांच्याकडे बघून मान हलवा, म्हणजे दिसलं एवढं त्यांना कळेल, पण नाव घेऊ नका. दुसऱ्या सेकंदाला वर्ग अवघडतो, कुणी वहीत बघायला लागतं. तिसऱ्याच्या पुढे मधल्या रांगेतून कुणीतरी नजर वर करतं. हात वर नसतो, पण चेहऱ्यावर उत्तर असतं. तिला विचारा. ही शांतता शिक्षकाला फार लांब वाटते आणि विद्यार्थ्याला विचार करायला जेमतेम पुरते. अवघड प्रश्न असेल तर आधी मिनिटभर वहीत लिहू द्या, शेजाऱ्याशी बोलू द्या, आणि मग विचारा. बुजऱ्या मुलाला स्वतःचं कच्चं मत मांडण्यापेक्षा ‘आम्हा दोघांना असं वाटतं’ म्हणणं सोपं जातं.

उत्तर चुकलं तर? चूक आहे हे सांगाच. गोड बोलून चूक झाकणं हा आदर नव्हे. पण चूक कुठून सुरू झाली ते शोधा. “इथपर्यंत बरोबर आलीस, पुढची पायरी कशावरून घेतलीस?” या एका प्रश्नाने तिची चूक वर्गाच्या कामी येते. कुणी चुकीच्या उत्तराला हसलं, तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता, थांबवा. नंतर बघू म्हणून सोडलेलं हसू सत्रभर त्या मुलीचं तोंड बंद ठेवतं.

पाचवी पायरी: पेपर तपासताना स्वतःवर पहारा ठेवा

वर्गात आपण न्यायाने वागतो की नाही ते विद्यार्थी बघत असतात. गठ्ठा समोर घेऊन बसल्यावर बघायला कुणी नसतं, आणि नेमकं तिथेच त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं.

डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये एकच इंग्रजीचा पेपर शंभराहून अधिक शाळांकडून तपासून घेतला. शंभरपैकी गुण मिळाले ते ६४ पासून ९८ पर्यंत. भाषेच्या पेपरात असं होणारच, असा आक्षेप आला. म्हणून त्यांनी पुढे भूमितीचा पेपर तसाच तपासून घेतला, तर फरक आणखी वाढला. हे शिक्षक बेपर्वा नव्हते. हस्ताक्षर, थकवा, आधीचा पेपर कसा होता, एखादी पायरी सुटली तर किती कापायचे याची प्रत्येकाची वेगळी समजूत, या सगळ्याची भेसळ गुणांत होते. आपल्याही होते, म्हणून स्वतःच्या चांगुलपणावर विसंबू नका, पद्धत बसवा.

प्रश्नपत्रिका काढतानाच गुणांची विभागणी लिहून ठेवा. कशाला किती, पायरी बरोबर पण उत्तर चुकलं तर किती. पेपर हातात येताच पहिलं पान मागे दुमडा, म्हणजे नाव दिसणार नाही. आधी पाच-सहा पेपर गुण न देता नुसते वाचा. मुलांनी प्रश्नाचा कोणता अर्थ घेतला ते कळतं, आणि विभागणीत बदल करायचा असेल तर तो इथेच करता येतो. मग एका विद्यार्थ्याचा पूर्ण पेपर न तपासता, सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी संपवा. तो झाला की गठ्ठा फिरवा आणि दुसऱ्या प्रश्नाला लागा. असं केलं की पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडत नाही, आणि एकच विद्यार्थी दरवेळी तुमच्या थकव्याच्या वेळेला सापडत नाही. शेवटी सुरुवातीचे पाच पेपर पुन्हा काढा. आता दिले असते ते गुण आणि आधी दिलेले गुण यांत फरक पडला, तर मधले पेपरही पुन्हा बघावे लागतात. यात वेळ जातो, पण मला हा वेळ शिकवण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण याच आकड्यांवर कुणाचा पुढचा प्रवेश अवलंबून असतो.

पेपर परत देताना नुसता आकडा देऊ नका. निदान एका जागी, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते लिहा. ‘अपुरं’ असा शेरा मारून काहीच कळत नाही; ‘व्याख्या आली, पण उदाहरणाला ती कशी लागू होते ते राहिलं’ यातून कळतं. कुणी गुणांबद्दल विचारायला आलं तर त्याच्याकडून लेखी एक परिच्छेद मागा, कोणत्या उत्तराला का वाढवून हवेत म्हणून. आणि पेपर पुन्हा तपासाल तेव्हा गुण वाढूही शकतात, कमीही होऊ शकतात, हे आधीच सांगून ठेवा.

सहावी पायरी: आपली मतं कुठे थांबवायची

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९१७ मध्ये म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलताना म्हणाला होता की, शिक्षकाने व्यासपीठावरून आपलं राजकारण चालवू नये, कारण समोरच्यांना गप्प बसून ऐकावं लागतं, उत्तर देता येत नाही. विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या मताला गैरसोयीची ठरणारी तथ्यं ओळखायला शिकवणं हे चांगल्या शिक्षकाचं पहिलं काम, असंही त्याचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० मध्ये अध्यापनस्वातंत्र्याविषयी जे निवेदन मान्य केलं, त्यातही ही दोन टोकं एकत्र आहेत. आपल्या विषयाची चर्चा करायचं पूर्ण स्वातंत्र्य, आणि विषयाशी संबंध नसलेला वाद वर्गात न आणण्याची काळजी.

माझ्या मते प्राध्यापकाने मत लपवण्याची गरज नाही. ढोंग विद्यार्थी लगेच ओळखतात. मात्र क्रम पाळावा. वादाचा मुद्दा आला की आधी दोन्ही बाजूंचं सगळ्यात भक्कम म्हणणं मांडा, इतकं की त्या बाजूचा माणूस ऐकत असता तर ‘हो, हेच म्हणायचंय’ म्हणाला असता. मग विद्यार्थ्यांना बोलू द्या. शेवटी कुणी विचारलंच तर आपलं मत सांगा आणि ते मत आहे असं म्हणून सांगा. आणि तुमच्या मताच्या विरुद्ध लिहिलेल्या, पण नीट पुरावे दिलेल्या उत्तराला पूर्ण गुण मिळतील, हे परीक्षेआधी वर्गात स्पष्ट बोला. ते खरं ठरलं की नाही हे विद्यार्थी एकमेकांच्या पेपरांवरून पडताळतात.

सातवी पायरी: अधिकाराच्या कडा

गुण तुमच्या हातात असतात, त्यामुळे विद्यार्थ्याचं ‘हो’ कधीच पुरतं मोकळं नसतं. म्हणून त्याच्याकडून खाजगी काम करून घेऊ नका, पैशाचा व्यवहार ठेवू नका, आपल्याच विद्यार्थ्याची पैसे घेऊन वेगळी शिकवणी करू नका, आणि ज्याचं मूल्यमापन करायचं आहे त्याच्याशी प्रेमसंबंध तर नाहीच. कमी गुण वर्गात मोठ्याने वाचू नका. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्टाफरूममध्ये बोलू नका. पण त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, तर ती योग्य माणसापर्यंत पोचवावीच लागेल, हे बोलणं सुरू होतानाच सांगा. भेटताना दार उघडं ठेवा. निरोप शक्यतो सगळ्यांच्या गटावर पाठवा.

आठवी पायरी: सत्राच्या मध्यावर विचारा

सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या फॉर्मचा त्या वर्गाला काही उपयोग नसतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तासाची शेवटची पाच मिनिटं काढा, कोरे कागद वाटा, नाव लिहायचं नाही. तीन प्रश्न पुरतात. शिकायला कशाची मदत होते? कशाचा अडथळा होतो? आज काय समजलं नाही? कागद गोळा करायचं काम विद्यार्थ्यालाच द्या आणि तेवढा वेळ वर्गाबाहेर थांबा.

उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विद्यार्थ्यांनी गटात बसून स्वतः उदाहरणं सोडवली, ते चाचणीत पुढे होते. पण आपण जास्त शिकलो असं वाटत होतं ते गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्यांना. डोकं चालवायला लागलं की अडखळल्यासारखं वाटतं, आणि विद्यार्थी त्यालाच ‘समजलं नाही’ म्हणतात. तेव्हा ‘सर, तुम्हीच सांगा ना सगळं’ अशी मागणी आली तर ती मान्य करायची घाई करू नका. वर्गाला कारण समजावून सांगा, आणि छोटी चाचणी घेऊन त्यांचं त्यांना बघू द्या. उलट ‘मागे ऐकू येत नाही’, ‘फळ्यावरचं अक्षर लागत नाही’, ‘एकच गट सारखा बोलतो’ अशा तक्रारी पुढच्या तासापासून दूर करा.

पुढच्या तासाला तीन गोष्टी सांगा. तुम्ही काय म्हणालात, त्यातलं मी काय बदलतो आहे, आणि काय बदलणार नाही व का. हे सांगितलं नाही तर पुढच्या वेळी कोरे कागद कोरेच परत येतील. मग पहिल्या पायरीवर लिहिलेला कागद काढा आणि चारही वाक्यांपुढे गेल्या आठवड्याभरातला एकेक प्रसंग लिहा, तारखेसकट. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही, त्यासाठी पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात कोणत्या तासाला, किती मिनिटं काढणार ते तिथेच पेन्सिलीने लिहून टाका.